शाळा आणि मतदार (भाग ४) : पटावर मूल, सभेत मत

मागच्या भागात अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघाची यादी पाहिली. त्या यादीत नाव यायला गेल्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले असावे लागते. त्यामुळे धारणीपासून पातूरपर्यंत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा चालवणारे गुरुजी यादीबाहेरच राहतात. आज त्यांच्याच शाळेतली दुसरी निवडणूक पाहू. तिच्यात मत पालकांचे.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. विनाअनुदानित खासगी शाळा यातून वगळल्या आहेत. समितीत किमान ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. आपल्या राज्यात पालक-सदस्य पालकसभेतून निवडले जातात आणि समितीची मुदत दोन वर्षांची असते. शाळेचा विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ही तिची कामे. खासगी अनुदानित शाळेत मात्र ती फक्त सल्ला देऊ शकते.

या सभेत बसायला मतदार ओळखपत्र लागत नाही. ग्रामपंचायतीच्या यादीत नाव नसले तरी बिघडत नाही. मूल पटावर असले की झाले. परगावाहून वीटभट्टीवर आलेल्या, गावच्या कुठल्याच निवडणुकीत ज्याला कोणी विचारत नाही अशा बापालाही इथे मत आहे. आई-वडील म्हणजे सख्खे, सावत्र किंवा दत्तक घेणारे, असे कायदाच सांगतो.

त्याहून मोलाची आहे ती ‘पालक’ शब्दाची दुसरी बाजू. मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे, तोही कायद्याने पालकच. मेळघाटात हे फार महत्त्वाचे. चिखलदरा-धारणीतली कोरकू कुटुंबे कामासाठी खाली मैदानात उतरतात, लेकरे आजीपाशी राहतात. डबा आजी करते, तापात कपाळावर हात आजीचा असतो. मग सभेत मतही तिचेच. ‘आई-बाप नाहीत, म्हणून या घरचे कोणी नाही’ असे लिहून पुढे जाणे माझ्या मते सरळ अन्याय आहे.

हक्क बुडतो तो बहुतेक वेळा सभेच्या वेळेमुळे. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा वऱ्हाडात कपाशी-सोयाबीनच्या पेरणीची घाई असते. सकाळी अकराला बोलावलेल्या सभेला कोण येणार? जे चार जण येतात तेही म्हणतात, “तुमीच लिहा जी नावं, गुरुजी.” अशा बिनविरोध कागदावर बसलेली समिती पुढे खिचडीच्या तांदळाबद्दल प्रश्न कशी विचारणार?

मुख्याध्यापकांना विनंती आहे की सभा संध्याकाळी ठेवा आणि दोन-तीन दिवस आधी दवंडी द्या. आणि वाचकहो, तुमच्या घरचे किंवा शेजारचे मूल आजी-आजोबांकडे राहत असेल, तर सभेची तारीख विचारून घ्या आणि त्यांना सोबत घेऊन जा.