अंड्याआधी कोंबडी!

दिवाळीत घरातली माणसे नवे कपडे घालतात आणि परसातली जुनी कोंबडी बहुधा याच सुमारास आपला पोशाख उतरवून बसते. मानेवरची पिसे गळतात, शेपटी बोडकी होते, तुरा कोमेजतो आणि अंडी बंद! पाहुण्यांच्या वर्दळीत हे ध्यान अंगणात फिरू लागले की यजमानांना लाज वाटते. 'आता हिचे दिवस संपले,' असे म्हणून तिची रवानगी थेट स्वयंपाकघरात होते.

वास्तविक बिचारीला काहीही झालेले नसते. दिवस लहान होऊ लागले की वर्ष-सव्वा वर्षाची कोंबडी जुनी पिसे टाकून नवी धारण करते. ते दोन-तीन महिने खाल्लेले सारे पिसांच्या कामी येते; अंड्यासाठी शिल्लक उरत नाही. गंमत अशी की, जी उशिरा पिसे टाकते आणि झटपट नवी आणते, तीच खरी कामाची. जी सर्वांआधी पिसे टाकून महिनोन्महिने रेंगाळते, ती नुसती खाऊन बसणारी. म्हणजे ऐन दिवाळीत जी ऐटीत मिरवते ती पुष्कळदा आळशी असते, आणि जिचा पोशाख विटलेला, पाय फिके पडलेले, ती वर्षभर राबलेली असते. आपण पोशाख पाहून निवाडा करतो आणि नेमकी चांगली गमावतो!

कोंबड्या पाळणाऱ्या माणसाने रोज अंडी मोजावीत हे खरे. पण अंडे हे कालपरवाचे वर्तमान. आजचे आणि उद्याचे वर्तमान कोंबडीच्या अंगावर लिहिलेले असते. ते वाचता आले नाही तर काय होते, हे मी सोलापुरात स्वतःच्या खर्चाने शिकलो.

उघडी चोच

आमच्याकडे दोन डझन कोंबड्या होत्या आणि वर पत्र्याचे छप्पर. सोलापूरचा उन्हाळा वाचकांना सांगावयास नकोच. एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडतो आणि पुढे बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो. त्या वर्षी एप्रिलमध्येच अंड्यांची कवचे पातळ येऊ लागली. हातात घेताच तडकत. मी पुस्तक काढले. 'चुन्याचा अंश कमी,' असे निदान करून शिंपल्यांचा चुरा आणला आणि रोज सकाळी अंडी उजेडात धरून पाहू लागलो.

शेजारच्या आजी कुंपणापलीकडून हा खटाटोप बघत होत्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "आंडी काय बघायलास बाबा? दुपारी येऊन कोंबडीच्या चोचीकडं बघ की!"

मी हसून सोडून दिले. मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही सारे दिवसभर बाहेर होतो. संध्याकाळी परतलो, तो पाच कोंबड्या मरून पडलेल्या.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाची उष्णता मुळातच एकेचाळीस अंश सेल्सियसच्या आसपास. बाहेरची हवा फार तापली की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. श्वासातून पाण्याची वाफ जाते आणि अंग निवते. पण सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. कवच बनते कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यासाठी लागणारा कार्बोनेटच रक्तात अपुरा पडतो. शिवाय उन्हामुळे खाणेही घटते. म्हणजे माझ्या शिंपल्यांनी मुख्य दुखणे बरे होणारच नव्हते. कोंबड्या दोन आठवडे रोज दुपारी मला तेच सांगत होत्या. मात्र दुपारी मी वामकुक्षीत होतो!

पुढच्या वर्षी पत्र्यावर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या. बाजूंना ओले गोणपाट लावले, पण वारा खेळता राहील एवढी जागा ठेवून. कारण वारा कोंडला तर दमट उकाडा आणखी घातक. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यायचे, भर दुपारी नाही, कारण पचनानेही अंग तापते. पाणी मातीच्या भांड्यांत आणि सावलीत. कोंबडी एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात त्याहून कितीतरी अधिक. आणि मुख्य म्हणजे दुपारी दोन वाजता जाऊन चोची पाहायच्या. त्या उन्हाळ्यात एकही कोंबडी दगावली नाही.

पिलांची सभा

पिलांना ऊब देण्यासाठी दिवा लावतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियस आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, असा हिशेब आहे. पण पिलांची सभा कशी बसली आहे ते पाहिले तर तापमापकाशिवायही काम भागते. सारी दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करीत असतील तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर कडेला जाऊन चोची उघडून बसली तर उष्णता फार. सारी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येतो आहे. आणि सगळीकडे विखुरलेली, काही खाणारी, काही झोपलेली दिसली, तर आपणही निश्चिंत झोपावे.

मानपान

थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाला लहानपणापासून घरच्या कोंबड्या न्याहाळण्याचा छंद होता. कोण कोणाला टोचते याची नोंद ठेवून त्याने १९२१ च्या सुमारास दाखवून दिले, की कळपात मानाची उतरंड असते. पहिली सर्वांना टोचते, दुसरी पहिलीखेरीज सर्वांना, आणि शेवटची बिचारी सर्वांकडून टोचून घेते. आपल्या एकत्र कुटुंबात वावरलेल्यांना याचे नवल वाटू नये!

खाद्याचे भांडे एकच असले तर खालच्या पायरीवरच्या कोंबड्या उपाशी राहतात आणि आपण म्हणतो, 'खाद्य तर भरपूर घातले!' संध्याकाळी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. ती भरलेली लागली पाहिजे. रिकामी लागली तर भांडी वाढवून लांब लांब ठेवावीत. एकमेकींची पिसे उपटून रक्त काढू लागल्या तर बहुधा गर्दी झाली आहे किंवा उजेड फार प्रखर आहे. जागा वाढवावी, आणि मेथीची जुडी उंच टांगून ठेवावी. चोचीला दुसरा उद्योग मिळतो.

रात्रीचे कान

आजारी कोंबडी दिवसा दुखणे लपवते. रानात दुबळा पक्षी आधी शत्रूच्या डोळ्यांत भरतो, ही तिच्या पूर्वजांची शिकवण. म्हणून रात्री दिवा मालवून खुराड्याशी पाच मिनिटे उभे राहावे. कळप शांत असताना शिंक किंवा घरघर लगेच ऐकू येते. सकाळी विष्ठा पाहावी: वर पांढरी टोपी असणे हे नेहमीचेच, परंतु रक्त किंवा हिरवे पाणी दिसले तर उशीर करू नये. मान वाकडी होणारी मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, एकदा जडला की औषध नाही. वेळेवर दिलेली लस हाच उपाय.

पण डोळ्यांनाही मर्यादा असते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात कोंबड्या भराभर मरू लागल्या, तेव्हा प्रथम मानमोडीचाच संशय घेतला गेला. फेब्रुवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेचा निकाल आला: बर्ड फ्लू, देशातला पहिला! लाखो पक्षी नष्ट करावे लागले. काहीतरी बिघडले आहे एवढे डोळ्यांनी ओळखावे. रोगाचे नाव पशुवैद्यांना ठरवू द्यावे आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये.

आधी अंडे की आधी कोंबडी, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. पाळणाऱ्यापुरता तो केव्हाच मिटला आहे. पाच कोंबड्या गमावून मला कळले ते कुंपणापलीकडच्या आजींना पहिल्यापासून ठाऊक होते. तेव्हा मंडळी, या दिवाळीत परसात बोडकी कोंबडी दिसली तर सुरीला हात घालण्यापूर्वी घटकाभर तिच्याकडे नीट पाहा. कदाचित ती फक्त नवे कपडे शिवायला टाकून आली असेल!