उठून गेलेले श्रोते आणि बसून राहिलेले श्रोते

संगीताला जात नसते, धर्म नसतो, असे आपण नेहमी ऐकतो. पण ज्याने संगीत रचले त्याच्या मनात द्वेष असेल तर? ऐकणाऱ्याने काय करावे?

पाश्चात्त्य संगीत नाटकाला ऑपेरा म्हणतात. आपल्याकडे संगीत नाटकाला नांदी असते, तशी तिकडे पडदा उघडण्यापूर्वी फक्त वाद्यांची सुरुवात असते. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर (१८१३ ते १८८३) याच्या अशा सुरुवाती जगभर गाजल्या. परंतु याच माणसाने १८५० साली ज्यू लोकांविरुद्ध विषारी लेख लिहिला. पुढे हिटलर त्याच्या संगीताचा भक्त झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनास्थळे जाळली गेली. तेव्हा पॅलेस्टाईनमधील ज्यू वादकांच्या वाद्यवृंदाने वाग्नरच्या 'मायस्टरझिंगर' या ऑपेराची सुरुवात कार्यक्रमातून काढून टाकली. तिथून अघोषित बंदीच पडली.

ती मोडण्याचा प्रयत्न मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी केला. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत वाद्यवृंद उभा केला होता. १९८१ साली इस्रायलमध्ये ठरलेला कार्यक्रम संपल्यावर झुबिनजींनी सांगितले, की आता वाग्नर वाजवणार आहोत, ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल जावे. मग 'ट्रिस्टान' या ऑपेरातील संगीत वाजू लागले. काही उठून गेले, काही ओरडले, काही बसून ऐकत राहिले. छळातून वाचलेल्या तिथल्या एका कर्मचाऱ्याने पुढे येऊन अंगावरचे व्रण दाखवले.

आमच्या शिरोळच्या वस्तीत आम्ही काही घरांतील मंडळींना 'मायस्टरझिंगर'ची सुरुवात मोबाईलवर ऐकवली. एक मावशी म्हणाल्या, "वरातीच्या बँडासारखं दणक्यात हाय की!" मग आम्ही वरील हकिकत सांगितली. बँड पार्टीत वाजवणारा एक तरुण म्हणाला, "सुरांचा काय दोष, काका?" मावशी मात्र गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ज्यांच्या घरातली माणसं जाळली, त्यांना 'ऐका' म्हणणारं आपण कोण?" एका आजोबांनी गावकीची आठवण काढली. वाद्य वाईट नव्हते, ते सक्तीने वाजवायला लावणे वाईट होते, म्हणून अनेकांनी ते खाली ठेवले, असे ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. १८५६ साली याच वाग्नरने भिक्खू आनंद आणि त्यांना पाणी देणारी मातंग कन्या प्रकृती यांच्या कथेवर ऑपेरा योजला होता. आपण हलक्या जातीच्या म्हणून ती पाणी द्यायला कचरते. आनंद म्हणतात, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. ही कथा वाग्नरला भावली, पण ऑपेरा कधी पूर्ण झाला नाही, आणि ज्यूंबद्दलचा त्याचा द्वेषही गेला नाही. १८६९ साली त्याने तोच लेख स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. समतेची कथा आवडणे वेगळे आणि समता आचरणे वेगळे!

आम्हाला वाटते, उठून गेलेलेही बरोबर होते आणि बसून राहिलेलेही. ऐकवणाऱ्याने आधी सांगावे, न ऐकणाऱ्याला सन्मानाने वाट द्यावी. आपल्या वस्तीत लाऊडस्पीकर लावतानाही एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. आणि मुलांना संगीत जरूर ऐकवावे, मात्र त्यामागचा इतिहासही सांगावा.