काडी, नळी आणि त्रिकोण

सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर एक बारीक काळी रबरी नळी चढवलेली असते. पंक्चरच्या दुकानात ‘व्हॉल ट्यूब’ मागितली की मिळते. या नळीचा वीतभर तुकडा, एक काडेपेटी आणि एक ब्लेड एवढ्या सामानात शाळेतली निम्मी भूमिती हातात घेऊन वाकवता येते. आणि ही युक्ती पोराटोरांपर्यंत पोचवणारा माणूस आधी पुण्याच्या टेल्कोत ट्रकच्या कामावर होता!

अरविंद गुप्ता १९७५ साली कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन टेल्कोत लागले. पिंपरी-चिंचवडच्या माळावरचा तो कारखाना तेव्हा आकार घेत होता. तिथून पहिलं व्यापारी वाहन १९७७ साली बाहेर पडलं. पुढच्याच वर्षी गुप्तांनी वर्षभराची अभ्यासरजा काढली आणि ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. 

होशंगाबादेत १९७२ साली सोळा शाळांपासून विज्ञान-शिक्षणाचा एक विलक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. मुलं चौघाचौघांच्या टोळ्या करून प्रयोग करत आणि कोणाचं खरं हे आपसात वाद घालून ठरवत. शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र जमत आणि एकाची अडचण दुसरा सोडवी. ज्या प्रश्नांना वर्गात उत्तर मिळत नसे, ते मुलं ‘सवालीराम’ला पत्राने विचारत. सवालीराम नावाचा कोणी माणूस नव्हताच, पण पत्रांना उत्तरं मात्र जात. आज आपण ज्याला एकमेकांकडून शिकणारा समूह म्हणतो, तो इथे पोस्टमनच्या पिशवीतून चालत होता.

तिथल्याच बनखेडीच्या आठवडी बाजारात गुप्तांना ती व्हॉल ट्यूब सापडली.

आता हे करूनच बघा. काड्यांचं गूल आधी खरवडून टाका. नळीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. एका तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की झाला सांधा: हवा तसा वाकतो, सोडला की सरळ होतो. असे तीन सांधे जोडून त्रिकोण करा आणि दाबा. हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा. बोटाने ढकलला की तो मुकाट्याने समभुज चौकोन होऊन कलतो. पाच काड्यांची तर होडीही होते. मग नळीच्या मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी घुसवा. झाला तीन काड्यांचा सांधा. असे चार सांधे आणि सहा काड्या घेतल्या की चार त्रिकोणी तोंडांचा सुळका उभा राहतो, आणि तो दाबून दाबून बोट दुखतं, तरी हलत नाही.

आठ सांधे आणि बारा काड्यांचा ठोकळा मात्र उभाच राहत नाही, भिजल्या खोक्यासारखा बसकण मारतो. त्याला ताठ करायला किती काड्या लागतील? वीज आणि चुंबकत्व यांचं एकच गणित मांडणाऱ्या मॅक्सवेलने १८६४ साली याचा हिशेब मांडून ठेवला आहे: कोपऱ्यांची संख्या तिप्पट करा आणि सहा वजा करा. निदान तेवढ्या काड्या हव्यातच. ठोकळ्याचे कोपरे आठ, म्हणजे चोवीस वजा सहा, अठरा. आपल्याकडे आहेत बारा; कमी पडतात सहा. आणि ठोकळ्याला बाजूही सहाच! प्रत्येक बाजूवर एक कर्ण टाकला की ठोकळा दगड होतो. (कर्ण कडेपेक्षा लांब, तिथे काडेपेटीची काडी पुरत नाही, खराट्याचा हीर घ्या.) सुळक्याचा हिशेब तपासा: बारा वजा सहा, सहा. बरोब्बर. एका विज्ञानवेत्त्याचं सूत्र सहावीतलं पोर काड्या मोजून पडताळू शकतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

गुप्तांनी पुढे नोकरी सोडली आणि टाकाऊ वस्तूंतून अशी शेकडो खेळणी जमवली, चित्रांसह पुस्तकांत मांडली. २००३ साली ते पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रुजू झाले. या शोधिकेच्या इमारतीला ‘पुलस्त्य’ हे सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं नाव आहे, आणि त्या नावात पु. ल. देशपांडेही बसले आहेत. देणगीही देशपांडे कुटुंबाकडूनच आलेली. तिथे सहकाऱ्यांबरोबर खेळण्यांच्या छोट्या फिल्म झाल्या, त्या मराठीसह अनेक भाषांत गेल्या. गुप्तांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

फुकट असणं हा त्यातला लहान भाग आहे. फुकट पीडीएफ आज व्हॉट्सअ‍ॅपवर ढिगाने येतात आणि फोन भरला की पुसल्या जातात. या खेळण्यांची कृती बघणाऱ्याला ती लगेच करता येते, सामान बदलता येतं, चूक सापडली तर दुरुस्त करून पुढे देता येते. मला विचाराल तर खुल्या साहित्याची खरी कसोटी ही.

अशा साहित्याला ‘खुली शैक्षणिक साधनं’ हे नाव युनेस्कोच्या बैठकीत ठरलं २००२ साली. त्याच साली मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. आणि त्याच साली पुण्याजवळच्या चाकणपासून फार लांब नसलेल्या पाबळ गावात, विज्ञान आश्रमात, अमेरिकेतल्या एमआयटीच्या आवाराबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकावर काढलेली आकृती यंत्राकडून कापून घ्यायची आणि आपल्या गावाला लागणारी वस्तू आपणच बनवायची, अशी ही कार्यशाळा. आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. इथे शाळेत न रमलेली मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती करत शिकतात. आश्रमातले घुमट बघण्यासारखे आहेत. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोणच त्रिकोण. अशा घुमटाचं मूळ वीस त्रिकोणी तोंडांच्या आकारात असतं: कोपरे बारा, काड्या तीस. छत्तीस वजा सहा.

काडी-नळीच्या या खेळात एक अडचण आता आली आहे. बऱ्याच नव्या सायकलींना मोटारीसारखे व्हॉल्व्ह येतात, त्यात ही नळी नसते. शीतपेयाच्या नळ्या वापराव्यात, तर प्लास्टिकच्या त्या नळ्यांवर २०२२ पासून बंदी. पण वाहनांच्या वायरिंगवर चढवायच्या बारीक स्लीव्हचे तुकडे चाकण-भोसरीकडच्या एखाद्या कारखान्यात भंगारात पडत असतील. काडेपेटीची काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. त्या मापाची स्लीव्ह काडीला धरून ठेवते का, की वाकवली की सुटते? तुम्ही अशा कारखान्यात असाल आणि कामावरून येताना दोन तुकडे खिशात टाकता आले, तर रविवारी घरच्या पोरांना लावून बघायला सांगा, आणि जमलं तर कसं जमलं ते शेजारच्या शाळेला कळवा.