सदाबाजार आणि रविवार

जुन्नरमध्ये एका पेठेला सदाबाजार म्हणतात. बाजार म्हणजे आठवड्याचा ठरलेला वार, हे आपल्याकडे इतकं गृहीत, की रोज उघड्या असणाऱ्या रस्त्याला वेगळं नाव द्यावं लागलं असावं. याच गावात कल्याण पेठ आहे. तिच्या नावात घाटाखालचं बंदर आहे. माणसं कधी येत हे एका नावातून कळतं, कुठून येत हे दुसऱ्यातून. पेठेतला दुकानदार आज ‘आठवडाभर गिऱ्हाईक फिरकत नाही’ म्हणतो, तेव्हा मला ही दोन नावं आठवतात.

जुन्नरला माणूस यायचा, कारण वाटच इथून जायची. कोकणातल्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून वर आला की पहिलं मोठं गाव हे. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण अजून आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतले दोन हजार वर्षांच्या आसपासचे शिलालेख तर व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी भरलेले आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या गेल्या. यवनांनी टाकी खोदवली. एका लेखात करंजाची झाडं लावण्यासाठी वीस निवर्तनं आणि वडांसाठी नऊ निवर्तनं जमिनीचं उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. ही दानं धर्मासाठी होती, हे खरं. पण पाणी, सावली आणि टेकायला जागा यांवर व्यापारी गावाचा पैसा खर्च होत होता, हेही तितकंच खरं. आजच्या पेठांत या तीनच गोष्टी शोधून पाहा.

वाटेवरचं गिऱ्हाईक एक, आणि वाराचं गिऱ्हाईक दुसरं. गुरुवारी ओतूर, शनिवारी नारायणगाव, रविवारी जुन्नर, सोमवारी बेल्हे. रविवारी तिकडे आंबेगाव तालुक्यात मंचरलाही बाजार भरतो. पालवाले टेम्पोत माल भरून वारावर फिरतात. रोज पुरेसं गिऱ्हाईक नसलेल्या मुलखात ते एका दिवशी एका जागी गोळा करायचं, अशी ही साधी आणि पक्की रीत आहे. बेल्ह्याच्या बैलबाजारात तिची ताकद दिसते. बैल पाहायला आलेला माणूस सौदा जमो न जमो, कासरा घेतो, गोंडे घेतो, घरच्यांसाठी भेळभत्त्याचा पुडा बांधून घेतो. बैल एकच घेईल, पण त्यापायी पाच-सहा दुकानांच्या पायऱ्या चढतो.

नारायणगावचा टोमॅटो बाजारही असाच. जुन्नर बाजार समितीचा हा उपबाजार हंगामात परराज्यांतल्या व्यापाऱ्यांना खेचून आणतो. जुलै 2023 मध्ये वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांहून जास्त भाव मिळाला, तेव्हा देशभर या गावाचं नाव झालं. क्रेट रिकामे झाल्यावर हातात पैसे असलेला शेतकरी गावातच असतो. खतं-औषधं, कापड, भांडी, चहा-मिसळ, सगळ्यांचा गल्ला त्याच्या पावलांवर चालतो. बाजार समितीचं आवार आणि गावातला रस्ता हे दोन वेगळे विषय मानण्याची सवय म्हणून मला घातक वाटते.

पुणे-नाशिक महामार्गाला नारायणगाव आणि मंचर इथे बाह्यवळणं झाली, हे चांगलंच झालं. चौकातली ती कोंडी कोणालाही परत नको आहे. पण गाडीतून सहज उतरणारं गिऱ्हाईक तिच्याबरोबर गेलं. आता गावात येणारा मुद्दाम येणार, आणि मुद्दाम यावं असं काहीतरी त्याला हवं.

ते ‘काहीतरी’ जुन्नरकडे उदंड आहे. 2018 मध्ये राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. शिवनेरी गावाच्या डोक्यावर उभा आहे, लेण्याद्री पाचेक किलोमीटरवर. ओझर आणि लेण्याद्री करणाऱ्या अष्टविनायकाच्या गाड्या वर्षभर धावतात. त्यातली बरीच माणसं दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि पेठेचं तोंड न पाहता पुढच्या गणपतीला निघतात. त्यांना पेठेत आणायला कमान आणि रोषणाई पुरत नाही. गाडी लावायला जागा, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, बसायला पार आणि एक खास घास एवढं आधी लागतं.

घास तर घरचाच आहे. मासवडीत मासा नसतो, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, सुकं खोबरं, लसूण, कांदा यांचं सारण भरायचं, माशासारखा आकार देऊन वड्या पाडायच्या, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. जुन्नर-आंबेगावची ही ओळख आज जास्त करून महामार्गावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसते. इंदूरच्या सराफ्यात दिवसा दागिने विकले जातात आणि दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाऊगल्ली जागी होते. एकच रस्ता दोन पाळ्यांत चालतो. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी सदाबाजारात मासवडीच्या चुली का पेटू नयेत? बचत गटांतल्या बाया ती रोज घरी करतातच.

यावर पहिला आक्षेप दुकानदाराचाच येतो: दारात पाल लागलं की दुकान झाकलं जातं. तक्रार खोटी नाही. पण दुकानासमोरून माणसं जातात तीही त्या पालांमुळे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने, विक्रेते आणि ग्राहक परंपरेने जिथे जमतात त्या ‘नैसर्गिक बाजारा’ला मान्यता दिली आहे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे असायला हवेत असं म्हटलं आहे. दोन पालांमध्ये किती फूट सोडायचं, दुकानाची पायरी कशी मोकळी ठेवायची, हे त्या समितीत दुकानदारांना शेजारी बसवून ठरवता येईल. जुन्नरची नगरपालिका 1861 ची आहे. एवढ्या जुन्या संस्थेला हे जड नाही. बाजाराच्या पावतीचे पैसे मात्र बाजाराच्याच ओट्यांवर, नळांवर आणि झाडांवर खर्च झाले पाहिजेत. त्या शिलालेखातले करंज आणि वड मला म्हणूनच सारखे आठवतात. एप्रिलच्या उन्हात कोथिंबिरीची जुडी अकरा वाजता मान टाकते, आणि तिच्यामागे बसलेल्या बाईलाही सावली नसते.

डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडालं. तालुक्याला नाव उरलं आणि कारभार घोडेगावातून चालतो. गाव उठलं की बाजाराचा वार उठतो, आणि तो दुसरीकडे तसाच्या तसा मांडता येत नाही. जुन्नरचा रविवार जागेवर आहे, हे फार मोठं भांडवल आहे.

रविवारी दिवेलागणीला पालं उतरू लागतात. सकाळी पश्चिम पट्ट्यातून नाचणी, रानभाज्या, करवंदं घेऊन आलेल्या बाया रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन एसटी स्टँडकडे चालतात. कनवटीला पैसे, पिशवीत तेल-मीठ, पोरांसाठी शेव. त्यांच्यातल्या काहीजणी घाटघरच्या गाडीत चढतात. ती गाडी नाणेघाटाच्याच वाटेने जाते.