वजनावर गेलेले खण

इंदापूरकडून तळा गावच्या बाजारपेठेत शिरताना रस्त्याच्या कडेला जे जुने गॅरेज होते, ते गेल्या हिवाळ्यात मोडण्यात आले. आणि त्याच्या मागच्या भिंतीशी सुमारे तीन दशके उभे असलेले लोखंडी लॉकर गॅस कटरने चिरून, चेपून, किलोच्या भावाने टेंपोत भरले गेले. मालक असलेले मिस्त्री वृद्ध झालेले, मुलगा पनवेलला स्थायिक, जागेला गिऱ्हाईक आलेले. व्यवहार म्हणून पाहता त्यात कोणाला दोष देण्यासारखे काही नव्हते. तथापि जी वस्तू अद्याप पुष्कळ वर्षे काम देऊ शकली असती, तिचे मोल ठरविताना ती कशी घडविली आहे, तिचे दार बसते की नाही, याची विचारपूसही न होता केवळ काट्याकडे पाहिले जावे, ही गोष्ट मनाला लागून राहिली. ती इतकी लागण्याचे कारण असे, की हाच काटा, याच जातीच्या लॉकरांसाठी, मी पूर्वीही एकदा लागलेला पाहिला आहे.

पोलादी कपाटांचा आपल्याकडील पूर्वेतिहास चार ओळींत आटोपण्यासारखा आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागेस कुलपांचा कारखाना काढला. १९२३ पासून तेथे पोलादी कपाटे होऊ लागली. पुढे १९४८ चा कारखाने अधिनियम आला आणि त्याच्या ४३ व्या कलमान्वये, कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवण्यास कामगारांना योग्य जागा द्यावी, असा नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे लॉकर हा कारखान्याच्या भिंतीचाच एक भाग होऊन राहिला. आमच्याकडे (तेव्हा तळा माणगाव तालुक्यात मोडे, स्वतंत्र तालुका झाला तो १९९९ साली) तो कोणी पाहिलाही नव्हता. मिस्त्री लोकांची हत्यारे गोणपाटात, डालड्याच्या डब्यांत किंवा आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत पडलेली असत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार हे आकडे सर्वांच्या वाचनात आहेत. परंतु तळा, म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव या मुलखात त्या आकड्यांचा अर्थ घरोघरच्या मनिऑर्डरी थांबणे एवढाच होता. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विझत गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकतृतीयांश भाग महापालिकेस, एकतृतीयांश म्हाडास आणि उरलेला मालकास, अशी वाटणी सांगितली. २००१ साली एका दुरुस्तीने ती वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती संकोचली. आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जमिनीविषयी एवढे कज्जे, एवढे हुकूम आणि एवढी दप्तरे झाली. आतल्या सामानाविषयी मात्र कोठे चकार शब्द निघाला नाही. ज्या गिरणीत माझ्या चुलत्यांची हयात गेली, तिचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. थकलेल्या देण्यांची चौकशी करण्यासाठी मी त्यांच्यासमवेत तेथे गेलो, तेव्हा कचेरीत कारकुनाने पुढली मुदत सांगितली आणि बाहेर आवारात खात्यातले लॉकर काट्यावर चढत होते. कामगाराचे देणे चुकते करण्यास ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, त्यांना त्याचा खण विकून पैसा करता येत होता. हा अन्याय होता, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याला दुसरे नाव देण्यास मी तयार नाही.

त्यातलाच काही माल कुर्ल्याच्या भंगारबाजारातून फिरत तळ्यास पोहोचला. नव्वदीचे ते दशक माझ्या चांगले स्मरणात आहे. कोकण रेल्वेचे काम जोरात होते. १९९३ साली रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला होता. डंपर, ट्रॅक्टर, जीप आणि पुढे मिनिडोर यांची रीघ लागून गॅरेजमध्ये पाय ठेवण्यास जागा नसे. मिस्त्रींनी एका परतीच्या ट्रकातून सहाखणी लॉकर आणविले आणि ते उतरत असतानाच हमालांना बजावले, "आपटू नका रे बाबांनो, बिजागरी वाकली तर दार जन्मात बसणार नाही." पाठोपाठ धाटावच्या रासायनिक कारखान्यांकडचे काही लॉकर स्वस्तात येत होते. मिस्त्रींनी त्यांची दारे उघडून वास घेतला आणि ते तसेच परत धाडले. ज्या खणात कोणत्या रसायनाचे कपडे राहिले हे ठाऊक नाही, त्यात रोज हाताळायची हत्यारे ठेवावयाची नाहीत, हा त्यांचा दंडक होता आणि तो योग्य होता.

घेतलेल्या लॉकरांवर त्यांनी जे काम केले, ते मी ओट्यावर बसून पाहिलेले आहे. प्रथम दारांच्या झडपांत अडकलेली कापसाची तूस तारेच्या ब्रशाने काढली. मग गंजलेला भाग पाणी मारीत पॉलिश पेपरने घासला. कोरडे घासू देत नसत, आणि जुन्या तैलरंगांत शिसे असे हे पाहता ते शहाणपणाचेच होते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. घासलेल्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा एक हात आणि वरून करडा हॅमरटोन. आमच्याकडे पावसाळ्यात सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते आणि पत्रा नेहमी बुडापासून खातो. म्हणून तळाला डांबर फासून लॉकर जांभ्याच्या चिऱ्यांवर उभे केले, भिंतीपासून चार बोटे अंतर राखले आणि माथ्याशी अँगल लावून भिंतीत बोल्ट मारले, कारण उंच आणि अरुंद कपाट वरच्या खणांत वजन चढले की पुढे झुकते. जॅक, गिअर आणि बेअरिंगे खालच्या खणांत. गास्केट, ऑइल सील आणि फॅन बेल्ट वर. एक लॉकर मात्र त्यांनी पाठीवर आडवा घातला, आतून अँगलचा आधार दिला आणि वर फणसाची जाड फळी ठोकून त्याचे कामाचे टेबल केले. फळी पुढून थोडी आखूड ठेवल्यामुळे पुढच्या रांगेतले खण दार वर उचलून उघडता येत. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र कोणत्याच बंद खणात ठेवू देत नसत. असा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, म्हणून तो बाहेर पसरून वाळवून मगच टाकावयाचा.

रंग देताना त्यांनी एक गोष्ट राखली. प्रत्येक दारावर पांढऱ्या रंगाने कामगाराचा तिकीट नंबर घातलेला होता. तेवढी चौकट त्यांनी कागद चिकटवून झाकली आणि भोवतीने रंग काढला. आतल्या बाजूला कोणाचा आरशाचा तुकडा, कोणाचा विठोबाचा कागद, कोणाची शेंदराची टिकली होती; तीही तशीच राहू दिली. पुढे ते नंबरच हत्यारांचे पत्ते झाले. "४१२ मधला चौदा-पंधराचा पाना आण," असे मिस्त्री गाडीखालून म्हणत आणि शिकाऊ पोरगा अंधारातही चुकत नसे. त्या पोरांपैकी प्रत्येकास स्वतःचा असा एक खण आणि त्याची किल्ली दिलेली होती. ज्याच्या घरी स्वतःची पेटीही नव्हती, अशा मुलाला मिळालेल्या त्या किल्लीने हत्यार पुसून जागेवर ठेवण्याची जी शिस्त लागली, ती दटावणीने लागली नसती. पाने हरवणे थांबले, गिऱ्हाइकाचे सुटे भाग एकमेकांत मिसळणे थांबले. माझ्या चुलत्यांचे येणे-जाणे तेथे असे. ते गाडीसाठी येत नसत. त्या नंबरांपाशी उभे राहून कोणते तिकीट कोणत्या पाळीचे असावे, याचा मिस्त्रींशी तर्क करीत. त्यांची देणी त्यांच्या हयातीत पुरती आली नाहीत.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे सांगण्यासारखी नाहीत. रस्ते रुंद झाले, गाड्या मोटारकंपन्यांच्या सेवाकेंद्रांकडे जाऊ लागल्या, मिस्त्री थकले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला भिडले आणि आमच्या तालुक्यातून गेले, तेव्हा गॅरेजचे सगळे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवीत आम्ही आत गेलो तो भिंतीत बोल्ट मारलेले लॉकर जागचे हललेले नव्हते आणि बंद दारांमागे हत्यारांवर ग्रीसचा कागद तसाच कोरडा होता. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, त्यांच्यासमोर ते पुढे गॅस कटरखाली गेले, याचे मला दुःख आहे. आता नव्या गाळ्यांतून प्लास्टिकच्या रंगीत पेट्या आणि मोबाइलवरून मागविलेले हलके रॅक दिसतात. त्यांत सोय आहे हे मान्य; पण पेट्रोल-थिनरच्या सान्निध्यात ते प्लास्टिक किती पावसाळे काढील आणि त्यातली एखादी पेटी शिकाऊ पोराला आपली म्हणून कुलूप लावून ठेवता येईल काय, हे विचारणारा कोणी उरला नाही.

सरकारी आवारांतून तर याहून वाईट घडते. जुनी कपाटे आणि लॉकर कचेरीच्या मागे उघड्यावर काढून ठेवतात. निर्लेखनाचा प्रस्ताव वरिष्ठांकडे जातो. मंजुरी येईतो दोन-तीन पावसाळे त्यांच्यावरून जातात आणि मग बूड खाल्लेला पत्रा भंगार म्हणून एकगठ्ठा लिलावात निघतो. माझे म्हणणे एवढेच आहे की हा प्रस्ताव जानेवारीत निघावा, मेअखेर निकालात लागावा, तोवर माल छपराखाली राहावा, आणि लिलाव वजनावर न होता नगावर व्हावा, म्हणजे माणगावच्या भंगारवाल्याआधी तळ्याच्या वेल्डरला, सुताराला, पंपदुरुस्तीवाल्याला एकेक लॉकर उचलता येईल. या आशयाचा अर्ज मी तहसील कचेरीत दिला आहे; त्यावर आवक क्रमांक पडला आहे, आणि मागच्या आवारात दोन लॉकर अजून उभे आहेत, ज्यांची दारे नीट लागतात.