मोठ्या गाडीचा छोटा पार्ट



उसाच्या बिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की गट ऑफिसात ऊस नोंदीबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो. "साहेब, जुनी लँड रोव्हर आलीय विकायला. नव्या लहान गाडीच्या पैशात देतोय म्हणतो. घेऊ का?" खता-बेण्याचा सल्ला देणाऱ्या माणसाला हेही विचारतात, कारण आमची निम्मी नोकरी गाडीत बसून पाणंदीनेच गेली. तेव्हा या अंकात लागणीचा विषय बाजूला ठेवून या भारी गाड्यांच्या सुट्या भागांविषयी लिहितो.

जुन्या जीपचे बरे होते. महिंद्रांनी १९४७ साली विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे फारसा फरक न करता तीच गाडी चालू राहिली. तालुक्याच्या गावी दुकानात क्लच प्लेट टांगलेली असायची. नसलीच तर मिस्त्री दुसरी घासून बसवायचा. आजच्या भारी गाडीत ही घासून बसविण्याची विद्या चालत नाही.

गाडी स्वस्त का मिळते हे आधी विचारावे. दिल्ली व आसपासच्या भागात १० वर्षांवरील डिझेल गाड्या चालविण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली मनाई केली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली. २०२५ साली न्यायालयाने काही सूट दिली खरी, पण मधल्या काळात अशा पुष्कळ गाड्या मिळेल त्या भावाने इतर राज्यांत गेल्या. त्यातली गाडी घेताना ना हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर हे दोन्ही किमतीत धरावे लागतात. पण खरा खर्च त्यापुढे आहे.

कंपनीचे नाव मोठे आहे म्हणून पार्ट मिळेलच असे नाही. शेव्हरोलेची विक्री आपल्याकडे २०१७ अखेर थांबली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. मात्र फोर्डने पार्ट व सर्व्हिसची सोय चालू ठेवली, आणि आपली एंडेव्हर परदेशात एव्हरेस्ट या नावाने विकली जात असल्याने तिचे पार्ट तिकडच्या बाजारातही सापडतात. पजेरोची जुळणी हिंदुस्थान मोटर्स तमिळनाडूत तिरुवळ्ळूरला करीत असे. आता ती गाडी इथे विकत नाहीत, तरी शारजाच्या जुन्या पार्टच्या बाजारातून माल येतो. आला तर आठवड्यात, नाही तर दोन महिने वाट.

लँड रोव्हरबाबत एक गैरसमज फार आहे. टाटांनी ही कंपनी जून २००८ मध्ये फोर्डकडून घेतली, आणि २०११ पासून फ्रीलँडर २ ची जुळणी पुण्यात सुरू झाली. त्यावरून लोक म्हणतात, "पुण्यात बनते, मग पार्टला काय तोटा?" अहो, जुळणी म्हणजे पेट्यांतून आलेले भाग जोडणे. प्रत्येक भाग पुण्यात ओतला जातो असे नाही.

आता मुख्य मुद्दा. बेणे आणायला गेल्यावर आपण नुसता "ऊस द्या" म्हणतो का? को ८६०३२ की को एम ०२६५, हे सांगतो. पार्टचेही तसेच आहे. "डिस्कव्हरीचा पंप द्या" म्हणून फोन केला की दुकानदार काहीतरी पाठवतो आणि ते बसत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाला आणि इंजिनाप्रमाणे भाग बदललेले असतात. म्हणून १७ अक्षरी चासी नंबर द्यावा. त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, तेव्हा गोल दिसले की शून्यच लिहावे. चासी नंबरवरून नेमका पार्ट नंबर निघतो. कंपनी जुना नंबर रद्द करून नवा देते, म्हणून दुकानदाराला "याच्या बदली नंबर आहे का" असेही विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने "माल येत नाही" म्हणणारा दुकानदार कपाटाकडे वळलेला मी पाहिला आहे.

फिल्टर, बेअरिंग, बॉल जॉइंट असले भाग गाडीवाली कंपनी सहसा स्वतः बनवीत नाही. बॉश, माहले, मान, लेमफर्डर असे कारखाने ते पुरवितात आणि पुष्कळदा तसाच माल स्वतःच्या खोक्यात कमी दराने विकतात. तो घ्यावा. त्याहूनही निम्म्या भावात बिननावाचा ब्रेक पॅड मिळाला तर तो मात्र घेऊ नये.

आपल्या एका सभासदांची डिस्कव्हरी सहा महिने गोठ्याशेजारी मागचा भाग टेकून बसलेल्या म्हशीसारखी उभी होती. या गाडीला स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. कॉम्प्रेसर जळाला, नवा बसविला, तोही दोन महिन्यांत गेला. मूळ दुखणे दुसरीकडेच होते. मागच्या पिशवीला चिरा पडून हवा गळत होती, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत होता. पाइपलाइन फुटलेली असताना विहिरीवरची मोटार बदलण्यातला हा प्रकार. रात्री गाडी सपाट जागेवर लावून सकाळी कुठला कोपरा खाली बसला ते पाहावे, जोडांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले की गळती सापडली. कॉम्प्रेसरचा रिलेही त्याच वेळी बदलावा. तो स्वस्त असतो, पण चिकटून बसला तर नवा कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

जुना माल मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला, चेन्नईत पुदुपेटला मिळतो. दरवाजा, आरसा, दिवा, सीट असे भाग जुने घ्यायला हरकत नाही. पट्टे, रबरी होज, ब्रेकचे सामान जुने नकोच. संगणकाचे डबे घेताना तर फार जपावे. पुष्कळ डब्यांत पहिल्या गाडीची नोंद राहते आणि कंपनीच्या यंत्राने नव्याने जुळविल्याशिवाय ते चालत नाहीत. पावतीशिवाय काही घेऊ नये. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या फोडून विकल्या जात असत. पोलिसांनी तो डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला.

इसार देण्यापूर्वी चासी नंबर लिहून घ्या आणि हवेची पिशवी, टर्बो व पुढचा दिवा यांचे भाव दोन-तीन दुकानांत विचारून एका कागदावर मांडा. विकणाऱ्याकडे दोन्ही रिमोट किल्ल्या मागा. एकच असेल तर दुसरी करून घ्यायला शहर गाठावे लागते, आणि ती हरवली तर गाडी टेम्पोवर घालून न्यावी लागते.