कमांड लाइनवरून डिस्कचे विभाजन : 'डब्ल्यू' दाबण्यापूर्वीची दक्षता महत्त्वाची

लिनक्स प्रणालीच्या संगणकाला जोडलेल्या नव्या डिस्कवर विभाग, म्हणजेच पार्टिशन, तयार करण्याचे काम कमांड लाइनवरून करता येते. मात्र चुकीची डिस्क निवडली गेल्यास जुनी माहिती गमावण्याचा धोका असल्याने आधी बॅकअप घेणे आवश्यक ठरते.

प्रथम 'एलएसबीएलके' या कमांडने सर्व डिस्कची नावे व आकारमान पाहून नवी डिस्क ओळखली जाते. त्यानंतर प्रशासकीय अधिकाराने त्या डिस्कवर 'एफडिस्क' चालवले जाते. साधारण 2 टेराबाइटहून मोठ्या डिस्कसाठी जुनी एमबीआर रचना अपुरी पडते. अशा कोऱ्या डिस्कवर 'जी' अक्षराने जीपीटी रचना निवडावी लागते. 'एन' अक्षराने नवा विभाग आखला जातो, तर 'पी'ने आराखडा तपासता येतो. तोपर्यंतचे सर्व बदल केवळ मेमरीत असतात. शंका आल्यास 'क्यू' दाबून डिस्कला धक्का न लावता बाहेर पडता येते. 'डब्ल्यू' दाबताच मात्र नवा आराखडा डिस्कवर लिहिला जातो.

शेवटी 'एमकेएफएस'ने नव्या विभागावर फाइल प्रणाली उभारून तो 'माउंट' केला जातो. संगणक सुरू होताना विभाग आपोआप उपलब्ध व्हावा, यासाठी 'एफस्टॅब' फाइलमध्ये त्याचा यूयूआयडी नोंदवला जातो. डिस्कचे नाव बदलले, तरी हा ओळख क्रमांक कायम राहतो.